आमचा प्रिंटर मंगळवार करतो

बंगळुरात कॉम्प्युटरचं काही बिघडलं तर मदतीला माणूस मिळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर तो बंगळुरात राहिलेला नाही. इथे माणसं मिळतात हीच अडचण आहे. आम्ही बेळ्ळंदूरला राहतो. आमच्या इमारतीची लिफ्ट मध्येच थांबली की आत अडकलेल्यांपैकी निम्मे लोक ती मुळात कशी बांधायला हवी होती यावर बोलतात, उरलेले ‘बंद करून चालू करा’ म्हणतात. मग खालून वॉचमन येतो, किल्ली फिरवतो आणि काही न बोलता निघून जातो.

अशा इमारतीत मी एक प्रिंटर आणला आणि तो लिनक्सला जोडायचं मनात आणलं.

लिनक्स म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या सुखात राहावं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. विंडोज जे काम करतं तेच ते करतं, पण फुकट. शिवाय त्याचा सगळा प्रोग्राम कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला वाटता येतो. फुकट मिळतं आणि वर वाटून पुण्यही लागतं, हे कळल्यावर मराठी मध्यमवर्गीय माणूस त्याच्या प्रेमात न पडला तरच नवल. मी कॉलेजात असताना पडलो. तेव्हापासून मुंजीत, बारशात, डोहाळजेवणात, जिथे कुणी ‘लॅपटॉप स्लो झालाय’ म्हणून सुस्कारा टाकेल तिथे मी खुर्ची ओढून बसतो. आमच्याकडे पाहुणे कमी येतात ते बेळ्ळंदूर स्टेशनपासून लांब आहे म्हणून, असं मी मानतो. बायकोचं मत वेगळं आहे.

तर त्या नोव्हेंबरात आई-अप्पा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेहून आमच्याकडे आले होते. अप्पा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नोव्हेंबर आला की प्रत्येक पेन्शनरला आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. २०१४ पासून हे ‘जीवन प्रमाण’ नावाने अंगठा टेकवूनही करता येतं. पण अप्पांनी नोकरीत इतक्या फायली उलटल्या आहेत की त्यांच्या अंगठ्यावर आता एकही रेष शिल्लक नाही. मशीनवर अंगठा ठेवला की ते ‘व्यक्ती जुळत नाही’ म्हणतं. गेल्या वर्षी सहा वेळा तसं म्हटल्यावर अप्पांनी त्या पोराला विचारलं होतं, “मग मी कोण आहे ते तरी सांगतंय का?”

म्हणून कागदी फॉर्म. तो बँकेने ई-मेलवर पाठवला होता. दोन पानी. छापायचा, भरायचा, बंगळूरच्या शाखेत नेऊन साहेबासमोर सही करायची.

“खाली झेरॉक्सवाला आहे. पानाला पाच रुपये,” बायको म्हणाली.

“घरात प्रिंटर असताना?”

“प्रिंटर आहे. तो छापतो असं अजून दिसलेलं नाही.”

तिच्या ऑफिसच्या मॅकवरून छापून टाक म्हटलं, तर त्या लॅपटॉपला घरचं कुठलंही यंत्र जोडणं कंपनीच्या नियमात बसत नाही. शिवाय इथे तत्त्वाचा प्रश्न होता. दहा रुपये वाचवण्यासाठी रात्रभर जागायची तयारी नसेल, तर माणसाने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये.

प्रिंटरच्या खोक्यावर विंडोजची खूण होती, मॅकची होती, फोनची होती. लिनक्सचा पेंग्विन नव्हता. आत एक सीडी होती. ती घालायची खाच आमच्या घरात आता फक्त एका मोडक्या म्युझिक सिस्टिमला आहे. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

“सर, कोणती विंडोज?”

“विंडोज नाही.”

“मॅक आहे का सर?”

“मॅकही नाही. लिनक्स.”

बराच वेळ पलीकडून संगीत ऐकू आलं. मग त्या मुलीने अतिशय मायेने विचारलं, “सर, मग तुम्ही कॉम्प्युटर चालू कशावर करता?”

इथे अप्पांना लिनक्सची जन्मकथा सांगणं मला भाग पडलं, कारण ते समोरच बसले होते आणि उठून जायला त्यांना जागा नव्हती. गोष्ट १९८० च्या सुमाराची. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. झेरॉक्स कंपनीने त्यांच्या प्रयोगशाळेला एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि त्यात कागद अडकायचा. लोक तासाभराने प्रिंट आणायला जायचे तर पहिल्याच पानाला गाडी थांबलेली. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम स्टॉलमनने स्वतः दुरुस्त केला होता. कागद अडकला की ज्याचं काम खोळंबलं असेल त्याला निरोप जायचा. नव्या यंत्रालाही तसंच करू म्हणून त्याने प्रोग्राम मागितला. तो दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे होता, आणि त्याने ‘कुणाला देणार नाही असा शब्द दिलाय’ म्हणून हात वर केले. स्टॉलमन तोंडाने काही बोलला नाही, पण ते त्याच्या डोक्यात बसलं. १९८३ मध्ये त्याने जाहीर केलं की आपण एक अख्खी नवी मोकळी व्यवस्था लिहिणार. चाणक्याची शेंडी होती, याची दाढी. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्या संसारात जो मधला भाग कमी पडत होता तो लिहिला, आणि आम्ही भक्त मंडळी मार्गाला लागलो.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ही सगळी भानगड प्रिंटर चालेना म्हणून सुरू झाली?”

“हो.”

“त्याला किती वर्षं झाली?”

“चाळिसाच्या वर.”

“आणि अजून चालत नाही.”

मी त्यांना सांगितलं की जगातले पहिले ५०० महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. नासाने मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडवलं, ‘इन्जेन्युइटी’, तेही लिनक्सवर उडालं. परग्रहावर इंजिनाच्या जोरावर झालेलं माणसाचं ते पहिलं उड्डाण, १९ एप्रिल २०२१.

“तिथे त्यांना हयातीचा दाखला लागत नसेल,” अप्पा म्हणाले.

लिनक्सवर छपाईचं खातं सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं नाव कप्स. मायकेल स्वीट नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो लिहिला, आणि इतका चांगला लिहिला की ॲपलने २००७ मध्ये तो विकत घेऊन त्यालाही नोकरीवर ठेवलं. म्हणजे बायकोच्या त्या सोवळ्यातल्या मॅकच्या पोटातही हेच कप्स बसलेलं आहे. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट ६३१’ टाकलं की त्याची कचेरी उघडते. तिथे तुमच्या कामाची नोंद होते, क्रमांक मिळतो, रांग लागते आणि शेरे पडतात. पहिला शेरा आला, ‘प्रिंटरची वाट पाहत आहे’. प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर आलं, ‘कॉम्प्युटरची वाट पाहत आहे’. दोघं एकाच टेबलावर, एकाच वायरला बांधलेले. मी वायर काढून पुन्हा घातली. मग शेरा आला, ‘फिल्टर फेल्ड’. कुठला फिल्टर, का फेल, पुढच्या वर्षी बसता येईल का, काही खुलासा नाही. मग मी कप्सला ‘सुडो’ म्हणजे सरकारी हुकूम काढून बंद करून पुन्हा चालू केलं. तिसऱ्या खेपेला शेरा आला, ‘काम पूर्ण’.

कागद आला नव्हता.

“काम पूर्ण आहे म्हणतंय,” मी म्हणालो.

अप्पांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा ओळखीचं हसू आलं. “बरोबर आहे. आमच्या खात्यातही असंच पूर्ण व्हायचं. आता पाहणीचा अहवाल मागव.”

अहवाल मागवायला मी वरच्या मजल्यावरच्या नागपूरकरांना बोलावलं. ते क्लाउडमध्ये आहेत. कित्येक हजार सर्व्हर ते एकटे सांभाळतात, मात्र त्यातल्या एकालाही कागद लागत नाही. ते आले, खुर्चीत बसले, पडदा पुसून स्वच्छ केला, माझं कोणतं लिनक्स आहे ते विचारलं आणि उत्तर ऐकून ‘हं’ म्हणाले. नवा डॉक्टर आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून म्हणतो, तेच ते ‘हं’. मग त्यांनी विचारलं, “याला आधी कोणी हात लावला होता?”

“मीच.”

“तरीच.”

त्यांनी मी केलेलं सगळं काढलं आणि आपलं बसवलं. ते चहाला थांबले असतानाच समोरच्या फ्लॅटमधला मुलगा आला. तो नागपूरकरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे त्याला जास्त येत होतं. त्याने नागपूरकरांचं काढलं. “अंकल, आता ड्रायव्हर कोणी टाकत नाही. हल्ली सगळं ड्रायव्हरलेस असतं.”

“ड्रायव्हर नाही? मग चालवतो कोण?” आईने काळजीने विचारलं. आदल्याच दिवशी बुक केलेल्या टॅक्सीच्या ड्रायव्हरने तिला सिल्क बोर्डाजवळ ‘ट्रिप कॅन्सल’ म्हणून उतरवलं होतं. तेव्हापासून ड्रायव्हर ही गोष्ट तिला जपून ठेवण्यासारखी वाटत होती.

मुलगा म्हणाला ते खरं होतं. नव्या प्रिंटरांना आता लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागू नये अशीच सोय केलेली असते. यंत्रं आपापसांत बोलून घेतात. आमची बोलली. आणि बोलणं झाल्यावर प्रिंटर खडबडून जागा झाला, घरघरला आणि भराभर कागद बाहेर टाकू लागला. पहिल्या पानावर वर डावीकडे एक टक्केवारीची खूण, एक उद्गारचिन्ह आणि ‘पीएस ॲडोबी’ अशी अक्षरं होती, आणि खाली इंग्रजी, आकडे आणि कंस यांचं घनदाट अरण्य. पुढची पानंही तशीच. फॉर्म कसा काढायचा याच्या सूचना प्रिंटरने पाळायच्या असतात. आमच्या प्रिंटरने त्या छापून दिल्या.

अप्पांनी चष्मा लावून एक पान शेवटपर्यंत वाचलं. सरकारी माणूस कुठलाही कागद न वाचता परत करत नाही. “मजकूर ठीक आहे,” ते म्हणाले. “सही कुठे करायची ते दिसत नाही.”

ते आवरलं तर प्रिंटर ‘लेटर’ मागू लागला. ‘लेटर’ हा अमेरिकेचा कागद, आपल्या ए-४ पेक्षा अठरा मिलिमीटरने बुटका आणि सहा मिलिमीटरने रुंद. सबंध भारतात माणसं ए-४ वर जन्माला येतात आणि ए-४ वर मरतात, पण लिनक्सच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कागदाचा आकार ठरवताना अमेरिकन माणूस बसलेला असतो. ट्रेमध्ये ए-४ कागदांची गड्डी होती आणि प्रिंटर ‘कागद घाला’ म्हणून दिवा लुकलुकवत होता. मी एक कागद काढून त्याला दाखवला. हे सांगायची खरं तर गरज नाही, पण तिथे बायको उभी होती आणि ती हे सगळ्यांना सांगते.

एव्हाना बातमी पसरली होती. चौथ्या मजल्यावरचे एक तमिळ गृहस्थ जिन्याने उतरून आले. ते लिनक्सच्या जुन्या पिढीतले, इथे बंगळुरात २००१ पासून लिनक्सची संमेलनं भरायची तेव्हा स्वयंसेवक म्हणून खुर्च्या मांडलेले. त्यांनी दुरुस्ती केली नाही, आठवणी सांगितल्या. लिनक्सच्या जुन्या प्रिंटर-प्रोग्रामात म्हणे एक निरोप होता, ‘एलपी झीरो ऑन फायर’, प्रिंटरला आग लागली आहे. प्रिंटर बिघडला असेल, पण कागद संपलेला नाही आणि तो बंदही नाही, अशी अवस्था आली की कॉम्प्युटर सरळ आगीची वर्दी द्यायचा. दुसऱ्या शहरात असं काही सांगितलं तर लोक हसतील. बेळ्ळंदुरात कुणी हसलं नाही. आमचं तळं २०१५ मध्ये पेटलं, २०१७ मध्ये पेटलं, २०१८ मध्ये पेटलं. ज्या गावात पाणी पेटतं तिथे प्रिंटरचं काय घेऊन बसलात. आईने गुपचूप उठून पाण्याची बादली गॅलरीत आणून ठेवली.

बादली ठेवून ती परत आली आणि म्हणाली, “मागच्या आठवड्यातही तू हे घेऊन बसला होतास तो मंगळवारच होता. आजही मंगळवार आहे.”

“बरं मग?”

“मंगळवारी नसेल छापत तो.”

मी हसलो. अप्पा हसले. तमिळ गृहस्थ हसले नाहीत. मी आईचं म्हणणं त्यांना इंग्रजीत सांगितल्यावर ते खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, “शी इज राइट.”

आणि मग त्यांनी जी हकिगत सांगितली ती खोटी वाटेल, पण लिनक्सच्या दप्तरी तिची रीतसर नोंद आहे. २००८-०९ मध्ये उबुंटू नावाचं लिनक्स वापरणाऱ्या एका गृहस्थांची बायको तक्रार करू लागली की ओपनऑफिस मंगळवारी छापत नाही. मग तिने ते करून दाखवलं. मंगळवारी पाहिलं, छापेना. कारण निघालं ते असं. लिनक्समध्ये ‘फाइल’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. समोर आलेली फाइल हुंगून तो तिची जात सांगतो. छापायच्या कागदाच्या वरच्या भागात तारीख असते, तारखेत वार असतो. मंगळवारी तिथे टी, यू, ई ही अक्षरं यायची, आणि एका चुकलेल्या नोंदीमुळे ती दिसताच हा शहाणा ठरवायचा की ही ‘एरलँग’ नावाच्या भाषेतली ‘जॅम’ जातीची फाइल आहे. परक्या जातीची म्हणून छपाई तिला दारातूनच परत पाठवायची. इतर सहा वारी काही तक्रार नसायची.

घरात शांतता पसरली.

“मंगळावर चालतं आणि मंगळवारी चालत नाही?” बायको म्हणाली.

“ते हेलिकॉप्टर कुठल्या वारी उडालं होतं?” आईने विचारलं.

मी फोनवर पाहिलं. १९ एप्रिल २०२१. सोमवार.

आईने पुढे काही बोलण्याची गरजच नव्हती. ती बोललीही नाही, फक्त प्रिंटरवर एक फडका टाकला.

ती चूक केव्हाच दुरुस्त झालेली आहे, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ज्याला प्रिंटर चालवता येत नाही त्याचं इतिहासावरचं भाष्य कुणी ऐकत नाही. रात्री सगळे जेवायला बसले असताना मी तत्त्वं खिशात घालून, कचरा टाकून येतो असं सांगून, पेन ड्राइव्ह घेऊन खाली गेलो. झेरॉक्सच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, “मंगळवार बंद, सर.”

बुधवारी सकाळी कुणी काहीही केलं नाही. मी दात घासत होतो, अप्पा अंघोळीला गेले होते, आणि प्रिंटर फडक्याखाली आपोआप सुरू झाला. रांगेत अडकलेली सगळी कामं त्याने एकामागून एक हातावेगळी केली. मी पाठवलेली, नागपूरकरांनी पाठवलेली, समोरच्या मुलाने ‘टेस्ट’ म्हणून पाठवलेली. हयातीचे दाखले जमिनीवर पसरले, टेबलाखाली गेले, सोफ्यावर साठले. अप्पा आजवर एवढे हयात कधीच नव्हते.

श्रेय वाटून घ्यायला मंडळी वेळेवर आली. नागपूरकर म्हणाले की त्यांचा बदल लागू व्हायला रात्रभर लागतोच. समोरच्या मुलाने नागपूरकर नसताना मला सांगितलं की त्याने नागपूरकरांचं काढलं नसतं तर हे झालंच नसतं. तमिळ गृहस्थ म्हणाले, प्रिंटरला वेळ द्यावा लागतो. आईने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. माझंही एक मत होतं, पण ते मांडायला सभा उरली नव्हती.

अप्पा आणि मी बँकेत गेलो. टेबलामागच्या मुलीने फॉर्म हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. अप्पा बंगळुरात आले की माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतात. मिरजेच्या माणसाला ते दुधाबरोबरच मिळतं. मला इतकी वर्षं राहून ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘आगल्ला’ म्हणजे जमणार नाही, एवढंच येतं. त्या दोघांचं बोलणं झालं, त्यात मला एक ‘आगल्ला’ तेवढा कळला.

“काय म्हणाली?”

“दोन पानं चालत नाहीत. एकाच कागदावर पाठपोट पाहिजे.”

घरी प्रिंटर चालू होता, पण नव्या प्रिंटरबरोबर कंपनी जी शाई देते ती माणसाचा उत्साह टिकण्यापुरतीच असते. ती सकाळच्या उत्सवात संपली होती. एस. पी. रोडला जाऊन नवं कार्ट्रिज आणायचं तर बँक बंद होण्याच्या आत आम्ही जेमतेम सिल्क बोर्ड ओलांडला असता. “शहाजीराजांनी इथून जहागीर चालवली,” पायऱ्या उतरताना अप्पा म्हणाले. “बघ, काही अडलं नाही त्यांचं.”

आम्ही झेरॉक्सवाल्याकडे गेलो. बुधवार होता, दुकान उघडं होतं. मी पेन ड्राइव्ह दिला. त्याने तो कॉम्प्युटरला लावला आणि मी पडद्याकडे पाहतच राहिलो. लिनक्स!

“पोरं पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणतात, सर,” तो म्हणाला. “भाच्याने हे टाकून दिलं. फ्री आहे. मस्त चालतं.”

त्याने पाठपोटची खूण केली, बटण दाबलं. पडद्यावर शेरा आला, ‘काम पूर्ण’. तिघांनीही प्रिंटरकडे पाहिलं.

“सकाळपर्यंत ठीक होतं,” तो पुटपुटला. “सर, तुम्हाला यातलं कळतं का?”

बँकेची जेवणाची सुट्टी व्हायला अर्धा तास होता. मागे दोन कॉलेजची मुलं ओळखपत्रं हातात घेऊन उभी होती. मी काउंटरच्या पलीकडे गेलो, खुर्ची ओढली, पडदा स्वच्छ केला आणि ‘हं’ म्हणालो.

“याला आधी कोणी हात लावला होता?”

“भाच्याने.”

“तरीच. अप्पा, पाचच मिनिटं.”

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग काउंटरवर रेलून त्यांनी झेरॉक्सवाल्याला विचारलं, “कार्बन पेपर इदेया?”